नेम, काच आणि धक्का

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना तळेगाव मागे पडले की वडगाव मावळ लागते. या गावात एका इंग्रज कप्तानाची समाधी दाखवतात. त्याचे नाव जेम्स स्टुअर्ट, पण मावळ त्याला 'इष्टूर फाकडा' म्हणूनच ओळखते. मराठी मुलखात शौर्यासाठी गाजलेल्या साडेतीन फाकड्यांपैकी अर्धा फाकडा तो हाच, असे परंपरा मानते. शत्रूच्या कप्तानाला आपल्या वीरांच्या यादीत अर्धे का होईना, पण स्थान देणारी ही परंपरा उदार खरीच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याचे शौर्य हा नसून त्याच्या मरणाच्या कथेत येणारी दुर्बीण हा आहे.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरात निघाली आणि बोरघाट चढून खंडाळ्याला आली. पुढची वाटचाल अत्यंत संथ होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. ९ जानेवारीस फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून मोकळे केले होते. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज रात्रीच्या अंधारात मागे फिरले आणि त्याच महिन्याच्या मध्यास वडगावी त्यांना तह करावा लागला. हा इतिहास सर्वश्रुत आहे. लोकस्मृतीने त्यातून एक चित्र वेगळे काढून जपले. स्टुअर्ट झाडावर चढून मराठ्यांची फळी दुर्बिणीतून न्याहाळत होता आणि नेमका त्याच वेळी टिपला गेला, असे ते चित्र. कोणी तोफेचा गोळा म्हणते, कोणी बंदुकीची गोळी. तपशील इतिहासाच्या कसोटीवर किती टिकेल हा प्रश्न वेगळा. चित्राची रचना मात्र विचार करण्यासारखी आहे. एका बाजूला काच आहे आणि दुसऱ्या बाजूला दारू. ज्याच्या हाती काच आहे तो दूरचे पाहतो, पण तिथून त्याला मारता येत नाही. ज्याच्या हाती दारू आहे तो मारतो, पण उघड्या डोळ्याने.

१७७९ साली ही दोन्ही साधने जुनीच होती. दुर्बीण सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात अवतरली होती आणि बंदूक तर त्याआधीपासून दख्खनेत रुळलेली होती. मग दुर्बीण बंदुकीवरच का बसवली नाही? शिकाऱ्याच्या आणि शिपायाच्या दृष्टीने इतकी उघड वाटणारी ही सोयरीक जुळायला आणखी शंभर-सव्वाशे वर्षे का लागली? या प्रश्नाचे उत्तर दृष्टीच्या इतिहासात सापडत नाही. ते धक्क्याच्या इतिहासात आहे.

*

आधी शब्दांकडे पाहू. 'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आला. दूरचे पाहणारी ती दुर्बीण. 'नेम' हा शब्द मात्र आपण 'नियम' या संस्कृत शब्दाशी जोडतो. नित्यनेम, नेमधर्म यांतला नेम आणि नेम धरणे यातला नेम एकच आहे, आणि 'नेमका' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे मराठीने लक्ष्य साधण्याच्या क्रियेला दृष्टीचे नाव दिले नाही, ते शिस्तीचे दिले. बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीक मणी असतो त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. डोळा, माशी आणि सावज एका रेषेत आणून चाप ओढेपर्यंत ती रेषा मोडू न देणे म्हणजे नेम.

धक्क्याविषयीची मराठीची जाण तर एका वाक्प्रचारातच सामावली आहे. 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात गोळी कोणाला लागते हा मुद्दा गौण असतो. बंदुकीचा धक्का कोणी सोसला हा मुद्दा मुख्य असतो. बार उडाला की काहीतरी पुढे जाते आणि तितक्याच हिशेबाने काहीतरी मागे येते, आणि ते मागे येणारे कोणाच्या तरी खांद्याने घ्यावेच लागते, हे ज्ञान या वाक्प्रचारात गृहीत आहे.

हिशेबच करायचा तर तो शालेय विज्ञानातला आहे. ३७५ मॅग्नम या नावाने ओळखले जाणारे काडतूस १९१२ साली इंग्लंडात आले आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीत जगभर मान्य झाले. त्याची गोळी सुमारे १९ ग्रॅमची आणि नळीतून सुटतानाचा तिचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरांच्या घरात. दारूचा वायूही तिच्याबरोबर पुढे सुटतो. या सगळ्याचा संवेग चार किलोच्या रायफलीने उलट दिशेने घ्यायचा म्हटला, तर रायफल सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने मागे येते. पाच मीटर हा वेग ऐकायला मोठा नाही, सायकलचाच म्हणा ना. पण सायकलला तो गाठायला वेळ मिळतो. रायफल तो सेकंदाच्या काही सहस्रांशात गाठते. एवढ्या थोड्या वेळात रायफलीवर बसवलेल्या वस्तूला तिच्या वजनाच्या शेकडो पट जोराचा हिसका बसतो. अर्धा किलोची दुर्बीण त्या क्षणी जागेवरच राहू पाहते आणि रायफल तिच्या खालून मागे सटकू पाहते. दोघींना जोडणाऱ्या कड्या आणि मळसूत्री खिळे यांवर सगळा ताण येतो. दुर्बिणीच्या पोटातली भिंगे, त्यांना धरणारे चाप आणि मधली बारीक फुली यांची स्थितीही तीच. ज्या काळी भिंगे राळेने किंवा साध्या कड्यांनी बसवत आणि फुलीसाठी कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरत, त्या काळी हे लग्न टिकणे कठीणच होते.

*

तरीही ते लावू पाहणाऱ्यांत एक माणूस आपल्या मुलखाशी संबंधित निघतो, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटलंडचा, पण मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला अधिकारी. मायदेशी परतल्यावर रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या कल्पनेचा त्याने चिकाटीने पाठपुरावा केला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी दुर्बीण व्हिटवर्थ या इंग्रजी रायफलीच्या डाव्या अंगाला बसवलेली असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या हाती अशा काही रायफली होत्या. १८६४ च्या मे महिन्यात उत्तरेचा सेनापती सेजविक दुरून आलेल्या एका गोळीने पडला, ती व्हिटवर्थचीच होती असे सांगतात. कार्ल्याच्या चित्रात फारकत असलेली काच आणि दारू येथे एकाच हातात आली होती. पण कोणत्या किमतीला? नळीचे टोक डोळ्याला भिडवून नेम धरावा लागे, आणि लढाई संपली की या नेमबाजांच्या डोळ्याभोवती काळेनिळे वळ उठलेले असत, अशी त्या काळची आठवण आहे. धक्का आता खांद्यावरून डोळ्यावर आला होता.

अमेरिकेतल्या कारागिरांनी यावर एक वेगळी तोड काढली, आणि ती मला या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांनी दुर्बीण घट्ट आवळलीच नाही. रायफलीच्या नळीइतकी लांब आणि सडपातळ दुर्बीण दोन आधारांवर अशी ठेवली, की बार झाल्यावर रायफल तिच्या खालून मागे सरकावी आणि दुर्बीण जागच्या जागी राहावी. प्रत्येक बारानंतर नेमबाजाने ती हाताने ओढून पूर्ववत करायची. ताठ उभे राहून मोडण्यापेक्षा सरकून वाचणे बरे, हे तत्त्व त्यामागे होते. निवांत पडून लक्ष्यावर गोळ्या झाडणाऱ्याला हे चालण्यासारखे होते. जाळीतून अंगावर येणाऱ्या जनावरापुढे मात्र दुर्बीण ओढत बसायला सवड कोठून मिळणार?

*

येथे आपण पुन्हा सह्याद्रीत येतो. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाला आणि लोणावळा-खंडाळा मुंबईच्या आवाक्यात आले. घाटमाथ्यावरचे रान म्हणजे उघडे माळ आणि मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, ओढ्याकाठची गच्च झाडी, दऱ्यांच्या घळी. अशा मुलखात शिकार व्हायची ती हाक्याची. रान उठवायचे, हाकारे कल्ला करत पुढे सरकायचे आणि बंदूकवाल्यांनी जनावराच्या वाटेवर दबा धरायचा. रानडुक्कर, भेकर, सांबर किंवा बिबट्या दिसायचा तो वीस-पंचवीस पावलांवर आणि तोही क्षणभर. एवढ्या अंतरावर दूरचे जवळ आणणाऱ्या काचेचा उपयोग नाही, उलट अडचण. म्हणून हिंदुस्थानातल्या शिकारीच्या वाङ्मयात काच फारशी भेटत नाही. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल त्याला भेट मिळालेली हलकी रिग्बी रायफल प्रसिद्ध आहे, पण तिच्यावर दुर्बीण नाही. त्याच्या कथांतला थरारच मुळी जनावर आणि माणूस यांच्यातल्या पावलांच्या हिशेबावर उभा आहे.

जड रायफलींचे युगही याच सुमारास सुरू झाले. धूरविरहित कॉर्डाइट दारूवर चालणारी ४५० बोअरची 'नायट्रो एक्सप्रेस' १८९८ साली आली आणि हत्ती-गव्यांच्या शिकारीचे गणित बदलले. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान सरकारने ४५० बोअरला बंदी केली. कारण शिकारीचे नव्हते, राज्याचे होते. त्याच मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली देशात विखुरलेल्या होत्या आणि साहेबाच्या शिकारी काडतुसातली गोळी बंडखोराच्या रायफलीत जाईल अशी भीती होती. तेव्हा इंग्रज कारखानदारांनी ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे काढली. आज जगभर मान असलेले ४७० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस अशा रीतीने काही अंशी आपल्या देशातल्या राज्यकर्त्यांच्या भयाचे अपत्य आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेच्या हातची बंदूक काढून घेतली होतीच. तिची छाया साहेबाच्या हत्तीमार रायफलीवरही पडली.

या इतिहासात सहसा दुर्लक्षित राहणारा माणूस म्हणजे हाकाऱ्या. घाटमाथ्यावर तो बहुधा महादेव कोळी किंवा ठाकर असे, अनवाणी आणि काठीखेरीज निःशस्त्र. बंदूकवाल्याचा नेम चुकला, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट लागला, की जखमी जनावर पुन्हा जाळीत शिरे. त्या जाळीकडे तोंड करून हाकारे येतच असत. जखमी डुकराचा सुळा किंवा बिबट्याचा पंजा पहिल्यांदा लागे तो त्यांना. 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक' या वाक्प्रचाराचा अर्थ येथे अक्षरशः उलगडतो. बाराचा धक्का बंदूकवाल्याच्या खांद्याने घेतला, पण चुकलेल्या बाराचा धक्का हाकाऱ्याच्या अंगाने घेतला. साधन भरवशाचे असावे ही अपेक्षा म्हणूनच केवळ हौशी माणसाची चैन नाही. ती नीतीचीही अपेक्षा आहे.

*

ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे, तेथे जड धक्क्याच्या रायफलीसाठी टिकाऊ दुर्बीण कशी निवडावी याची चर्चा अखंड चालू असते. तिचा सारांश काढला तर वर सांगितलेल्या इतिहासाचीच उजळणी होते.

पहिली गोष्ट वर्धनाची. नवशिक्याला वाटते, जितके मोठे दिसेल तितके चांगले. अनुभवी माणूस जड रायफलीसाठी एक ते चार किंवा दीड ते सहा पट एवढ्यावरच थांबतो. वर्धन वाढले की भिंगे वाढतात, वजन वाढते आणि हिसक्याचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. जनावर जवळ असताना दिसणारा टापूही आखडतो. वर्धन बदलता न येणारी साधी दुर्बीण हलणारे भाग कमी असल्यामुळे पुष्कळदा अधिक टिकते.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या अंतराची. डोळा आणि मागचे भिंग यांत निदान नऊ-दहा सेंटिमीटर जागा हवी. व्हिटवर्थवाल्यांच्या काळ्यानिळ्या डोळ्यांनी शिकवलेला हा धडा आहे. आजही तो विसरणाऱ्याच्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो.

तिसरी गोष्ट पोटातली. नेम सरकवण्यासाठी दुर्बिणीत एक आतली नळी असते आणि ती स्प्रिंगने दाबून धरलेली असते. ही स्प्रिंग थकली की प्रत्येक बारागणिक नेम थोडाथोडा ढळतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. काच स्वच्छ असते, फुली जागेवर दिसते, फक्त ती आता खोटे सांगत असते. फुटलेली दुर्बीण यापेक्षा बरी, कारण ती निदान फुटल्याचे कबूल करते. म्हणून नेम चार बाजूंना मोजून सरकवायचा, पुन्हा मूळ जागी आणायचा आणि गोळ्या पहिल्याच ठिकाणी पडतात का हे पाहायचे, ही परीक्षा महत्त्वाची मानतात. फुलीसुद्धा तारेची असण्यापेक्षा काचेवर कोरलेली असणे बरे.

चौथी गोष्ट जोडणीची. कितीही चांगली दुर्बीण सैल बैठकीवर व्यर्थ. कड्या कमी आवळल्या तर दुर्बीण सरकते, जास्त आवळल्या तर तिची नळीच चेपते. आवळणे मोजून करावे लागते, मनगटाच्या अंदाजाने भागत नाही.

पाचवी गोष्ट हवेची, आणि ती मावळाच्या माणसाला सांगायला नको. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंती ओलावतात, पुस्तकांना बुरशी येते. भिंगांनाही येते. पोटातली हवा काढून नायट्रोजन भरलेली बंदिस्त दुर्बीण दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. त्याआधीच्या काचा सह्याद्रीच्या पावसाळ्यात आंधळ्या झाल्या नसत्या तरच नवल.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. स्प्रिंगवर चालणारी साधी छऱ्याची बंदूक खांद्याला फारशी जाणवत नाही, पण हत्तीमार रायफलीवर टिकलेली दुर्बीण तिच्यावर मोडू शकते. जड रायफलीचा धक्का एकाच दिशेने येतो. छऱ्याच्या बंदुकीतला दट्ट्या सुटताना ती मागे हटते आणि दट्ट्या थांबताना उलट पुढे हिसकते. एका बाजूचा आघात सोसायला शिकलेले साधन उलट आघाताने कोसळते. म्हणजे धक्का किती मोठा एवढेच पाहून भागत नाही, तो कोणत्या बाजूने येणार हेही पाहावे लागते.

नेमबाजीच्या क्रीडेतले दृश्य याच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल तीन प्रकारांत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत दूरचे मोठे करून दाखवणारी दुर्बीण रायफलीवर चालत नाही. बारीक छिद्र, पुढचे कडे आणि त्यात दिसणारा काळा ठिपका एवढेच. माशीची परंपरा तेथे अजून जिवंत आहे, आणि 'नेम' या शब्दातला नित्यनेमही.

*

रायफलीवरची दुर्बीण खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली, त्याच सुमारास आपल्याकडची शिकार संपत आली. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीवर पडदा टाकला. काच आणि दारू यांचे लग्न दीर्घकाळ लांबले आणि ते नीट जमले तेव्हा आपल्या घाटमाथ्यावर वऱ्हाडच उरले नव्हते.

मराठी साहित्याने हे वळण आपल्या परीने टिपले आहे. तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे दुर्बीण आणि चित्रवही घेऊन रानात राहिले. 'नागझिरा' आणि 'सत्तांतर' ही त्या राहण्याची फळे होत. 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या गद्यातली नेमकी, फाफटपसारा नसलेली नजर शिकाऱ्याची आहे असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्यात तथ्यही आहे. दबा धरून बसणे, वाऱ्याची दिशा पाहणे, पाणवठ्यावर वाट पाहणे हे सारे शिकाऱ्याचेच नेम. फक्त शेवटचा बार नाही. काच पुन्हा दारूपासून वेगळी झाली.

पुणे जिल्ह्यात आज बिबट्यावर रोखली जाणारी बंदूक पुष्कळदा वनखात्याची असते. जुन्नरच्या उसात किंवा एखाद्या विहिरीत अडकलेल्या बिबट्याला बेशुद्ध करणारी सुई ती फेकते. दाबलेल्या वायूवर ती चालते, तिचा धक्का नगण्य असतो. पण गर्दी मागे उभी असते, जनावर भेदरलेले असते आणि सुई चुकली तर पहिला पंजा जवळ उभ्या असलेल्या वनरक्षकावर किंवा गावकऱ्यावर पडतो. हाकाऱ्याच्या जागी आता तो उभा आहे. नेम चुकल्याचा हिशेब त्याच्याच नावावर मांडला जातो.

वडगावच्या समाधीपाशी उभे राहिले की म्हणूनच फाकड्याच्या शौर्यापेक्षा त्या झाडाची आठवण होते. तो झाडावर चढला तो पाहण्यासाठी, आणि पाहण्याची किंमत त्याने स्वतः मोजली. त्याच्या फौजेला इतक्या दूर आणणारे मात्र वडगावचा तह करून मुंबईला परत गेले.